ना हरकतीची सही

खून, दरोडे मी नोकरीत पुष्कळ हाताळले. तरी निवृत्तीनंतर मनात रेंगाळत राहिलं ते प्रकरण एका साध्या सहीचं आहे. नावं देत नाही, कारण ती माणसं अजून सोलापुरातच राहतात.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेवढ्यात कोर्टाबाहेर बसणारा एक टायपिस्ट आला. आदल्या दिवशी एक म्हातारी बाई आपल्या मुलाला घेऊन त्याच्याकडे प्रतिज्ञापत्र टाईप करून घ्यायला आली होती. वडिलांचं घर मृत्युपत्राप्रमाणे बहिणीला मिळण्यास माझी हरकत नाही, असा मजकूर. टायपिस्टनं वडिलांचं पूर्ण नाव विचारलं, तर मुलगा म्हातारीच्या तोंडाकडे बघायला लागला.

"साहेब, मानूस सगळं विसरंल, पन बापाचं नाव विसरत न्हाय की," तो म्हणाला.

सही झाली होती, नोटरीचा शिक्का बाकी होता. काहीतरी कारण सांगून टायपिस्टनं कागद ठेवून घेतला होता. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि कागद ताब्यात घेतला.

फायदा बहिणीचा, म्हणून पहिला संशय तिच्यावरच. ती एका दवाखान्यात नर्स होती. ड्यूटी संपवून तशीच ठाण्यात आली. तिच्या बोलण्यातून सगळा इतिहास समजला. वडील गिरणीतले कामगार. शेवटची सहा वर्षं अंथरुणावर, आणि त्यांचं सगळं हिनंच केलेलं. त्यांनी दोन खोल्यांचं घर मृत्युपत्रानं हिच्या नावे केलं होतं. मृत्युपत्र नोंदवलेलं नव्हतं, म्हणून वकिलांनी प्रोबेट घ्यायला सांगितलं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. काही महिन्यांचं काम वाटलं होतं, तीन वर्षं झाली. धाकटा भाऊ घर सोडून गेलेला. त्याच्या जुन्या पत्त्यावरची नोटीस दर वेळी परत यायची. जाहीर नोटीस पेपरात दिली. एका साक्षीदाराला अर्धांगवायू झाला, न्यायाधीशांची बदली झाली, नवीन न्यायाधीशांनी भावाचा पुन्हा शोध घ्यायला सांगितलं. भावाची संमती आली तर लवकर सुटेल, असं वकील म्हणत होते. छपराची दुरुस्तीही अडली होती, कारण सगळीकडे वारसाचे कागद मागत.

मी प्रतिज्ञापत्र तिच्यापुढे ठेवलं. ती सहीपेक्षा पत्त्याकडेच जास्त वेळ बघत राहिली. पत्ता होता, मुक्काम पोस्ट केम, तालुका करमाळा.

"केम?" ती हळूच म्हणाली. "तो केममध्ये आहे?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत माणूस खोटं बोलताना कसा दिसतो ते कळायला लागतं. ही खोटं बोलत नव्हती. खोटी सही करणाऱ्याला खरा पत्ता माहीत होता आणि तीन वर्षं शोधणाऱ्या बहिणीला नव्हता. तपास तिथंच फिरला.

सही करणारा त्यांच्याच गल्लीतला रिक्षावाला निघाला. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. म्हातारी रडत होती, एवढंच त्याचं म्हणणं.

आईला मी ठाण्यात बोलावलं नाही. महिला हवालदार सोबत घेऊन घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली नवऱ्याचा फोटो. म्हातारीनं आम्हाला बसायला सतरंजी टाकली. मग एकेक सांगत गेली. मुलगा दारूच्या पायी वाया गेला होता. एकदा नशेत त्यानं बापावर हात उचलला आणि त्याच दिवशी घर सोडलं. पुढं तो केमला स्थिरावला, दारू सोडली, पंक्चर काढायचं दुकान टाकलं. ही वर्षातून दोनदा रेल्वेनं जाऊन त्याला भेटून यायची. घरी सांगायची, बहिणीकडं चालले. ताईसमोर उभं राहायची लायकी येईपर्यंत पत्ता सांगू नकोस, अशी त्यानं शपथ घातली होती.

"मग त्याचीच सही का आणली नाही?" मी विचारलं.

"त्या मुर्त्यूपत्रात बापानं लिवलंय, पोराला कायबी देऊ नका म्हनून. ते वाचलं तर परत बाटली धरंल की, साहेब. लई कष्टानं सोडलीय त्यानं."

पत्ता खरा का दिला, तेही विचारलं. खोटं सांगायचं सुचलं नाही, म्हणाली.

मुलगी दारात उभी होती. आई बहिणीकडं निघाली की मावशीला म्हणून शेंगाचटणीचे डबे तीच भरून द्यायची, ते केमला जात होते.  ती आत जाऊन पाणी घेऊन आली आणि आईच्या हातात तांब्या दिला.

दोन दिवसांनी मी साध्या कपड्यांत केमला गेलो. मुलगा ट्रॅक्टरचं चाक उघडून बसला होता. मृत्युपत्रातलं ते वाक्य मी लपवलं नाही. त्यानं फडक्याला हात पुसले.

"आप्पांनी बरोबरच लिवलंय," तो म्हणाला. "त्यांचं सगळं ताईनं केलं. घर तिचंच हाय. पन ताई मला दारात उभं करंल का?"

 मी त्याला कोर्टाची पुढची तारीख सांगितली.

अहवालात मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. कागद कुठंही वापरला गेला नव्हता. सरकारी वकिलांचा अभिप्राय घेऊन वरिष्ठांनी म्हातारीला आणि रिक्षावाल्याला समज देऊन प्रकरण बंद केलं. तारखेला मुलगा आला, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. न्यायाधीशांसमोर त्यानं हरकत नसल्याचं सांगितलं. बाहेर व्हरांड्यात बहीण त्याच्याजवळ गेली आणि जेवलास का, एवढंच विचारलं. त्यानंतरही आदेश हातात पडायला आठ महिने लागले, पण त्या आठ महिन्यांत तिची तक्रार मी ऐकली नाही.

आता ओळखीचे लोक प्रोबेटला किती दिवस लागतात, असं मला विचारतात. साक्षीदार, तारखा, बदल्या यांचा वेळ वकील सांगतील. मी मात्र आधी विचारतो, तुमच्या घरात कोण कुणाशी बोलत नाही? बहुतेकांना कुणीतरी आठवतं. मी त्यांना म्हणतो, वकिलाकडे उद्या गेलात तरी चालेल, आज त्याच्याकडे जाऊन या.