देवदूताने बाजू बदलली

"माझ्या डाव्या हाताला काही ठेवू नका म्हणून किती वेळा सांगायचं?" सासूबाई कडाडल्या. कपाचे तुकडे फरशीभर झाले होते आणि चहा टेबलाच्या कडेवरून ठिबकत होता.

"आई, टेबलाला डावी बाजू असते. तिथे कप ठेवतात."

"तिथे तो असतो."

"असतो ना? मग कप धरायचा होता त्याने!"

"त्याची चेष्टा नको. या घरात तर नकोच."

नवऱ्याने पेपरामागून तोंड काढलं. "अगं, राहू दे की. एक कप तर गेला."

"महिन्याभरातला तिसरा," सून म्हणाली आणि फडकं आणायला उठली. रविवारची सकाळ होती. चर्चमधल्या मिस्साहून येऊन कुणी अजून कपडेही बदलले नव्हते.

तो म्हणजे सासूबाईंचा राखणदार देवदूत. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं, की प्रत्येकाला एकेक दिलेला असतो. बाकीच्या मुली ते विसरल्या, सासूबाईंनी मात्र त्याला जन्मभर बसायला जागा दिली. ऐन तिशीत नवरा गेला, कडेवर मुलगा. पहाटे उठून कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायला एकट्या चालत जायच्या, तेव्हा त्याच्याशी मोठ्याने बोलायच्या. वाटेवरचे टवाळ म्हणे वेडी समजून लांब राहायचे. कारखान्यातल्या स्टुलावरही अर्ध्याच बसायच्या. एकदा बसमध्ये एक जाडजूड गृहस्थ शेजारी टेकला, तर म्हणाल्या होत्या, "जरा सरकता का? गुदमरेल तो." गृहस्थ पुढच्याच थांब्यावर उतरला. घरात हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

फडकं पिळताना सुनेचा हात थांबला.

तो तर उजवीकडे असायचा.

लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवशी सोफ्यावर टेकणार, तोच सासूबाई म्हणाल्या होत्या, "इथे नको हं, माझ्या डाव्या बाजूला ये." शिलाई मशीनच्या वर टांगलेल्या चित्रातही देवदूत पोराच्या उजव्या खांद्याशी उभा होता. नऊ वर्षं तो उजवीकडे होता. मग आता डावीकडे कसा आला?

सून एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात ट्रायल-रूमच्या दाराशी उभी राहायची. आत किती नग गेले, बाहेर किती आले, हे बघणं तिचं काम. आत जाताना सडपातळ आणि बाहेर येताना गुटगुटीत झालेली बाई तिच्या नजरेतून सुटत नसे. घरी आली तरी ती नजर काही खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

आज चर्चमध्येही सासूबाई बाकाच्या पार डाव्या टोकाला, भिंतीला चिकटून बसल्या होत्या. कमुनियोनचा प्रसाद घ्यायला पुढे जाताना डावीकडून आलेल्या शेजारणीला धडकल्या आणि वर तिलाच म्हणाल्या, "बघून चाल गं."

दुपारी सासूबाई मशीनवर बसल्या तेव्हा सून चपला काढून दारात उभी राहिली, त्यांच्या डाव्या अंगाला. हातातला पांढरा रुमाल हलवला. सासूबाई टीप मारत राहिल्या. ती एक पाऊल पुढे आली, पुन्हा हलवला. मशीन थांबलं, सासूबाईंनी दोरा कापला, स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या, पण मान वळली नाही. एरवी याच बाई दोन खोल्यांपलीकडून दूध उतू जाताना पाहायच्या.

टाचण्यांच्या उशीवर सात सुया होत्या. सातही सुयांत दोरा ओवलेला, प्रत्येक वेगळ्या रंगाचा.

सून मागच्या मागे फिरली आणि तिने लेकीला गाठलं. चिमणी पायरीवर बसून पेरू खात होती.

"आजीच्या सुया कोण ओवतं गं?"

चिमणीने पेरू तोंडातच धरला.

"मी रागावणार नाही."

"रागावणार नाही म्हणतेस तेव्हा तू रागावतेस."

"चिमणे."

"मी ओवते. शाळेत जायच्या आधी. मशीनची पण. आजी म्हणाली, आपल्या दोघींचंच गुपित."

"आणि रस्ता ओलांडताना?"

"तेव्हा मी देवदूताच्या जागी चालते. डावीकडे. गाडी दिसली की आजीचा हात दाबते. एकदा दाबलं की थांबायचं, दोनदा दाबलं की चला."

चौपदरी रस्ता, सकाळची रहदारी आणि सात वर्षांची पोर. आजी नातीला शाळेत पोचवते, असं सगळी गल्ली म्हणत होती.

सून तरातरा आत गेली. या खेपेला चपला वाजवत गेली.

"आई, डावा डोळा कधीपासून गेलाय?"

सासूबाईंनी चाकावर हात ठेवला. म्हणाल्या, "गेला कुठे? पडदा आलाय. तीन महिने झाले असतील."

"आणि तीन महिने देवदूताच्या आड लपलात?"

"तुला सांगितलं असतं तर काय केलं असतंस? पोरीचा हात माझ्या हातातून काढला असतास. मशीनवर चादर घातली असतीस. मग मी काय करायचं, भिंती बघत बसायचं? त्यासुद्धा अर्ध्याच?"

"म्हणून खोटं बोललात."

"खोटं नाही बोलले. त्याला खरंच म्हटलं, बाबा रे, उजवीकडचं मी बघते, तू इकडे ये. तो आला."

सून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, दारातून बाहेर येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी. कुठे फुगवटा दिसतो का, कुठे शिवण ताणलीय का. काही सापडलं नाही. त्यामुळे ती जास्तच चिडली.

"तो आला तर पोरीला त्याच्या जागी का उभी केलीत?"

सासूबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. दोन्ही काचा पुसल्या.

संध्याकाळी सगळे टेबलाशी बसल्यावर सुनेने सासूबाईंचा कप त्यांच्या उजव्या हाताला ठेवला. मग उभ्यानेच म्हणाली, "उद्या मी कामाला जात नाहीये. नऊ वाजता आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. चिमणीला उद्यापासून शाळेत मी सोडणार, मी. आई बरोबर येतील, पण मधून चालतील. उजवीकडे चिमणी, डावीकडे मी. मशीन चालू राहील, सुया मी ओवेन. यावर चर्चा नाही."