सुलभाअक्कांची रॉ फाइल

सुलभाअक्का फोटो कधी अख्खा बघत नसत. संगणकावर उघडला की आधी एखादा डोळा नाहीतर पीस निवडायचं, ते पडदाभर मोठं करायचं आणि चष्मा कपाळावर सारून त्यात डोकं घालायचं. पक्षी कुठला, हे मागाहून. जे. पी. नगरला त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या निपाणीच्या, सरकारी संशोधन संस्थेत भिंगांवर काम करून निवृत्त झालेल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या.

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याला दिसलं ते जसंच्या तसं. जागा वाचवायला कॅमेरा ती लहान करून देतो, पण मग थोडा तपशील कायमचा जातो. अक्कांना हे मुळीच खपत नसे. "टाकलेलं परत कोण आणून देणार, तू?" मी पुण्याहून आलेली सॉफ्टवेअरवाली. "अक्का, तो फरक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही," म्हटलं की त्या म्हणत, "तुला दिसत नाही म्हण की."

माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो त्यांनीच काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दारात उभ्या. चेहरा उतरलेला.

"मीनल, घोटाळा झालाय बघ."

बाबांनी नातीला मांडीवर घेतलेला एकच फोटो होता, तोही खिडकीसमोरचा. मागे लख्ख ऊन, दोघांचे चेहरे काळेठिक्कर. बाबा सकाळीच पुण्याला परतले होते. काचबिंदूमुळे त्यांना फार थोडं दिसायचं. आठवड्यावर ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी आशा दाखवली नव्हती. जाताना त्यांनी एवढंच मागितलं होतं, "तो फोटो मोठा करून लवकर पाठव."

"दुसरं कार्ड ऐनवेळी चालेना," अक्का म्हणाल्या. "म्हणून जन्मात पहिल्यांदा फाइल लहान करायला लावली. आता त्या काळोखातलंच गेलं असलं तर?"

वर त्यांच्या खोलीत जाऊन आम्ही फोटो उघडला. अक्का सावल्या हळूहळू उजळत गेल्या. बाबांच्या गालावरचे खुंट दिसले, मग मुलीची मूठ, मग दोघांचे डोळे. मी श्वास सोडला. अक्का मात्र मोठं करत करत बाबांच्या टकलाच्या कडेपर्यंत पोचल्या.

"इथं गेलंय. उन्हाला लागून बारीक खरखरीत रेघ आलीय, दिसली?"

"नाही."

त्यांनी पुन्हा निरखून पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. "स्वल्प गेलं. माणसं राहिलीत की. कॉफी टाक बघू आता."

फोटो कुरिअरनं वेळेत पोचला. बाबांचा फोन आला तेव्हा अक्का आमच्याकडेच होत्या. मी स्पीकर लावला. बराच वेळ ते कागद डोळ्यांशी धरून बसले असावेत.

"अगं, ही माझ्याकडे बघतेय," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, झोपलीय."

"होय की अण्णा," अक्का पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. "तुमच्याकडेच बघत होती."