गच्चीवरून दिसलेलं विमान

जयपूर ते नागपूर, विमानाने दोन तासांच्या आत. हे वाक्य मी तेव्हा प्रताप नगरमधल्या आमच्या अख्ख्या कॉलनीला ऐकवलं होतं. भाजीवाल्या भैयालासुद्धा. त्याने कोथिंबीर फुकट दिली, बहुधा मी पुढे सरकावं म्हणून.

पन्नाशी उलटलेली, केस ताजे काळे केलेले आणि जन्मात एकदाही विमानात न बसलेली ती बाई, म्हणजे तेव्हाची मी, आज मला भेटली, तर मी तिच्याशी बोलणारही नाही.

धाकट्या भावाला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला होता. नागपुरात बारसं, भर दुपारी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या मी एकटीच. नाव ठरवलं होतं, पण कुणाला कळू दिलं नव्हतं.

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, आदल्या दिवशी ये गं."

"आदल्या दिवशी रेल्वेवाले येतात," मी म्हटलं. "मी सकाळी निघते आणि पाळण्याशी उभी राहते." जणू विमान बाईसाहेबांच्या दारातच जुंपून ठेवलं होतं!

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीची वर्षं खातीपुऱ्याला रुळांलगतच्या क्वार्टरमध्ये गेली. तिथली रीत साधी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सिग्नल पडलेला दिसला की गॅस बंद करायचा, पिशव्या उचलायच्या आणि चालत फलाटावर. उशीर झालाच तर गार्ड ओळखीचा. "आराम से, भाभीजी," म्हणून हिरवा झेंडा काखेत धरून थांबायचा.

तीच अक्कल मी विमानाला लावली. विमानतळ आमच्या घराजवळच, विमानं गच्चीवरूनच उतरतात. हे सकाळपासून बूट चढवून बसलेले.

"अगं, निघू या ना."

"जन्मभर मालगाड्या हाकल्यात तुम्ही, वेगातलं काय कळतंय? अजून विमान आलंच नाही, तर जाईल कुठून?"

गच्चीवर मी मान वर करून उभी. विमान डोक्यावरून गेलं तशी मी जिन्यातून ओरडले, "चला हो, विमान लागलं!"

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "मॅडम, काउंटर बंद हो गया."

"अहो, जहाज तो अभी आया है! आपके गार्ड को बोलो ना, दो मिनट रुको."

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे.

घरी परतायचं तर कॉलनीला तोंड काय दाखवणार? म्हणून बाहेरच्या बाकावर ठिय्या दिला. दुपारी भावाचा फोन आला, "ताई, पोचलीस का गं? सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत."

काय सांगणार? "फोन पाळण्यात धर," म्हटलं आणि हळूच नाव सांगितलं.

"काही ऐकू येत नाही! जोरात बोल!"

मग बोलले. नागपूरच्या आधी ते नाव टॅक्सीवाल्यांना, हमालांना आणि शिपायाला कळलं. पलीकडे बाळाने दचकून भोकाड पसरलं, बायकांनी "कुर्र" केलं, आणि लागलीच कुणीतरी फोन बाजूला ठेवला असावा. नंतर नुसताच वाटीचमच्यांचा आवाज येत राहिला.

शेजारी सामानावर बसलेली एक बाई घुंघट सावरत म्हणाली, "बधाई हो, दादीजी!"

"दादी नहीं! बुआ!" मी खेकसले.

विमान गेलं होतं, पाळण्यापाशी उभं राहायचं हुकलं होतं, आणि गच्चीवरच्या त्या मूर्ख बाईला, म्हणजे मला, झोंबलं काय, तर दादी! ह्यांनी बारशाच्या पेढ्यांचा डबा उघडला, पहिला पेढा तिला दिला आणि म्हणाले, "बुआ ही है जी. बाल आज ही काले किए हैं."