अकरा बापजादे

आमच्या वसईत नवं माणूस भेटलं की नाव विचारायच्या आधी विचारतात, "कुणाची गं तू?" म्हणजे कुठल्या आळीतली, कुणाच्या घरातली, बाप कोण, आजा कोण. आम्ही ख्रिस्ती, पत्रिका बघत नाही, पण या चार प्रश्नांत समोरच्याची अख्खी पत्रिका मांडून मोकळे होतो. ही सवय मी कॅनडात, स्कारबरोला सोबत घेऊन आले. सुकी मासळी एअरपोर्टवर काढून घेतली, ही कुणी काढून घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं.

आमच्या बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावर लिफ्टच्या उजवीकडे आम्ही आणि डावीकडे ती. सोमाली बाई, माझ्यासारखीच पन्नाशी उलटलेली. नवरा वारलेला, एकच मुलगी, ती फार्मसीत कामाला. पहिली दोन वर्षं आमचं हाय-हॅलोपलीकडे काही गेलं नाही. मग एका मंगळवारी बेसमेंटच्या लॉन्ड्रीत ड्रायर बंद पडला आणि ओल्या कपड्यांच्या बास्केटी मांडीवर घेऊन आम्ही दोघी तासभर सुपरिंटेंडंटची वाट बघत बसलो. तासभर गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी विचारलं, "तुझं सरनेम काय गं?"

ती हसली. त्यांच्यात आडनाव नसतंच म्हणाली. स्वतःचं नाव, पुढे बापाचं, पुढे आज्याचं, एवढंच. इथल्या फॉर्मवर सरनेमची चौकट भरायचीच असते, म्हणून बिचाऱ्या आज्याला तिथे बसवलाय. आणि लग्न झालं तरी बाई नाव बदलत नाही. मरेपर्यंत आपल्या बापाचीच. मी तर जळलेच. माझं लग्न झालं त्या दिवशी बापाचं नावही गेलं आणि आडनावही, आणि वर सगळ्यांनी पेढे खाल्ले.

तेव्हापासून मंगळवार आमचा. आमची भाषा म्हणजे मोडकं इंग्लिश आणि थोडं हिंदी, कारण तिने लहानपणी मोगादिशूत हिंदी सिनेमे बघितले होते. ती मला "अबायो" म्हणायची, म्हणजे बहीण. मीही तिला तेच. त्यांचा अंजेरो म्हणजे सरळ आपली आंबोळी, फक्त ते चहाबरोबर खातात. आमच्या चर्चमध्ये जो धूप जळतो तो मूळ त्यांच्याकडच्या झाडांचा, हे तिने सांगितलं आणि मी दुसऱ्या रविवारी मिस्सात बसून नुसता वास घेत राहिले. एकदा तिने मला मरियमची गोष्ट सांगितली. आमच्या मारियाचीच, येशूच्या आईची. त्यांच्या कुराणात तिच्या नावाचा एक अध्यायच आहे. एकटी पोरगी खजुराच्या झाडाखाली बाळंत होते आणि कळा सोसत म्हणते, याआधीच मी मेले असते तर. इतकी वर्षं नाताळात गव्हाणी सजवली, पण मारियाला कळा आल्या असतील हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी तिथेच, वॉशिंग मशिनच्या धडधडीत, डोळे पुसले.

घरी आले की मी सगळं वहीत लिहायची. नवरा म्हणायचा, "पीएचडी करतेयस का तिच्यावर?" मुलगा म्हणाला, "मॉम, दॅट्स काइंड ऑफ क्रीपी." मी म्हटलं, तुम्हाला कशातच इंटरेस्ट नाही, मेल्यांनो, निदान मला तरी असू दे.

मग निघाली अबतिर्सी. म्हणजे बापजाद्यांची मोजणी. आपली पोरं पाढे म्हणतात तशी त्यांची पोरं बापाकडचे पूर्वज म्हणतात, दहा, पंधरा, वीस. त्यावरून कुळ कळतं, आणि कुळावरून सगळंच. मला कोण आनंद झाला! म्हटलं, हे तर आमच्यासारखंच, "कुणाची गं तू?" मी हट्ट धरला की तुझ्या मुलीची म्हणून दाखव. तिने मुलीचं नाव घेतलं, बाप, आजा, पणजा, आणि थांबली.

"पुढे?"

"पुढे खूप आहेत," ती म्हणाली आणि चादरीची घडी घालायला लागली.

शहाण्या बाईने तिथे विषय सोडला असता. मी चार मंगळवार तिच्या मागे लागले. पाचव्या मंगळवारी मी तिला माझ्या मोठ्या बहिणीची गोष्ट सांगितली. का सांगितली कुणास ठाऊक. बाहेर बर्फ शोव्हल करत होते, खिडकीवर खरखर चालली होती आणि बहिणीचा वाढदिवस होता. बहिणीला कोळीवाड्यातला मुलगा आवडला होता. एकच चर्च, आमच्या बोलीत देऊळ, एकच फादर, एकाच रांगेत उभं राहून कम्युनियन घेतलेले. पण आम्ही शेतीवाडीवाले आणि ते मासे मारणारे, त्यामुळे बाबा म्हणाले, देवळात ठीक आहे, घरात नाही. तेव्हा मी अठराची. बहिणीच्या पेटीतली त्याची पत्रं मीच बाबांना दाखवली होती. कौतुक होईल म्हणून. बहिणीने पुढे लग्नच केलं नाही. आजही ती त्या घरात एकटी राहते.

हे मी कॅनडात कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

तिने हातातली घडी बाजूला ठेवली. मग तिने सगळी मोजणी म्हटली, मुलीपासून सुरू करून अकरा बापजादे. सांगितलं की लोकांना घरचे दुसरीच मोजणी सांगतात. चौथ्या नावापर्यंत दोन्ही सारख्या, पुढे लोकांना सांगायची नावं दुसऱ्याच एका मोठ्या कुळाची. तिच्या नवऱ्याचे लोक पिढ्यान्‌पिढ्या लोखंड ठोकणारे आणि चामडं कमावणारे. मशिदीत सगळे खांद्याला खांदा लावून उभे, पण त्यांच्यात कुणी मुलगी देत नाही आणि त्यांची घेत नाही. "देवाने असं सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "तरी आहे." आणि मग माझ्या हातावर हात ठेवून इंग्लिशमध्ये म्हणाली, "कीप इट, अबायो."

आता हे "कीप इट". मी पुढे सगळ्यांना सांगत फिरले की माझा समज वेगळा झाला. लहानपणी सिस्टर प्रार्थना शिकवायच्या आणि म्हणायच्या, जपून ठेवा, म्हणजे पाठ करा. तसंच वाटलं मला. तिने मला तिच्या घरातली वस्तू दिली, मी ती नीट पाठ करावी. आणि मी केली, स्वयंपाक करताना, बसमध्ये, अकराच्या अकरा. खरं सांगायचं तर तिचा हात गार पडला होता, ते मला कळलं होतं. मी तेवढं मनावर घेतलं नाही, इतकंच.

त्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा ट्रान्झिटमध्ये बस ड्रायव्हर, पोरीचा जीव होता त्याच्यावर. लिफ्टमध्ये भेटली की नुसती फुललेली असायची. तिच्या काकांनी मुलाकडच्यांना मोजणी सांगितली होती, अर्थात दुसरी. लग्नाआधीच्या रविवारी दुपारी बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये फक्त बायकांचा मेंदीचा कार्यक्रम. मीही गेले, नवी साडी नेसून. इतक्या बायकांत मी एकटी ख्रिस्ती आणि एकटी इंडियन. मुलाची आत्या माझ्या शेजारी बसली. गोड बाई, मला समोसे वाढत होती. मी दोन-चार सोमाली शब्द बोलले तशी तिने टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांना हाका मारल्या, या बघा, ही तर आपलीच! बायका गोळा झाल्या. अगो बाय, मला काय चढलं सांगू! इतक्या वर्षांत या देशात कुणी माझं इतकं कौतुक केलं नव्हतं. मी म्हटलं, थांबा, मला याहून भारी येतं. आणि नवऱ्या मुलीकडे बघत मी तिची अबतिर्सी म्हणायला सुरुवात केली.

चौथ्या नावापर्यंत सगळ्या हसत होत्या. पाचव्याला आत्या म्हणाली, परत म्हण. मी परत म्हटलं, जरा मोठ्याने. सहाव्याला माझी शेजारीण चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने मान हलवली, अगदी थोडीशी, नको म्हणून. मला दिसलं. पण तोंड सुटलं होतं, आणि पाठ केलेलं मध्ये कसं तोडायचं? अकरावं नाव घेऊन मी थांबले. आत्याने माझी प्लेट उचलून बाजूला ठेवली आणि पर्स शोधायला लागली.

चार दिवसांत लग्न मोडलं. त्यांच्या मशिदीतले इमाम मुलाच्या घरी गेले होते, कुळावरून लग्न मोडणं धर्मात बसत नाही म्हणून समजावायला. मुलाकडच्यांनी त्यांना चहा दिला, मान दिला आणि दारापर्यंत सोडलं. मुलगा आठवडाभर मेसेज करत होता. मग तेही थांबले. हे सगळं मला मुलीनेच सांगितलं, माझ्या दारात उभं राहून. हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. मी म्हटलं, "बेटा, मला माहीत नव्हतं."

"यू न्यू, आंटी," ती म्हणाली. "मॉम टोल्ड यू. यू वेअर द ओन्ली वन शी टोल्ड."

मी कन्फेशनला गेले. फादर म्हणाले, तुझा हेतू वाईट नव्हता, तेव्हा हे पाप होत नाही. मला इतका राग आला की मी तिथेच उठून उभी राहिले. म्हटलं, फादर, पोरगी जेवत नाही, आणि तुम्ही मला हेतू काय सांगताय? तरी त्यांनी क्षमा दिली. मी ती घेऊन घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर कोट न काढता बसले.

शेजारणीने लॉन्ड्रीचा वार बदलला. मी तीनदा दार वाजवलं, आंबोळ्या घेऊन, मग नुसतीच. आत टीव्ही चालू असायचा. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी घर सोडलं. लोकांच्या नजरा पोरीला सोसेनात, म्हणून दुसऱ्या प्रांतात चालल्या होत्या. सामान उतरवत होते तेव्हा मी ग्रोसरी घेऊन आले आणि लिफ्टचं दार उघडलं तर आत ती, एका मोठ्या खोक्याला टेकून. मला बाजूला व्हायला सुचलंच नाही. मी तिथेच रडायला लागले आणि बडबडायला लागले. माफ कर, अबायो, मला फाशी दे, मी जाऊन त्या आत्याचे पाय धरते. तिने मला बोलू दिलं. माझ्याकडचे शब्द संपले तेव्हा तिने विचारलं, "तुझी बहीण कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हटलं.

"तिची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही," ती म्हणाली. "माझ्या मुलीलासुद्धा नाही." आणि खोकं ढकलत बाहेर गेली.

वही मी त्याच दिवशी फाडून रिसायकलिंगमध्ये टाकली. इथे मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. पण ती अकरा नावं काही जात नाहीत. संध्याकाळी रोझरीला बसले, पहिला मणी बोटात धरला आणि "नमो मारिये" म्हणायला तोंड उघडलं की आधी त्या पोरीचं नाव येतं, मग तिच्या बापाचं, मग आज्याचं. पाचव्याला मी तोंड दाबून धरते. आता जमतं मला थांबायला.