केवळरामभाऊ फिटर आणि घसरणारी चाकं

ऊर्जानगरच्या त्या क्वार्टरमध्ये सकाळी साडेसहाला एका शेगडीवर पोहे होते, दुसरीवर चहा. केवळरामभाऊ बनियनवर दाढी करत होते आणि त्यांची आचल न्हाणीघर अडवून बसली होती. वच्छलाबाई तिला तिसरी हाक देणार, एवढ्यात दारावर थाप पडली.

दारात सिक्युरिटीचा पोचू. सिरोंच्याकडचा, भला माणूस. त्याच्या काखेत आचलचा लांबलचक स्केटबोर्ड होता, पळून गेलेला कोंबडा पकडून आणावा तसा धरलेला.

"अय्यो भाऊ, तुमची पोरगी काल टाकीच्या उतारावरून सुटली ते डायरेक्ट कंपनीच्या बससमोर! ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून बरं. अन् हे लाकूड तिथीच टाकून पळाली."

न्हाणीघरातला पाण्याचा आवाज एकदम थांबला.

"आमचे सिक्युरिटीचे साहेब म्हणते, दहा दिवस देतो. पुढच्या रविवारी तोच उतार उतरून खालच्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबून दाखवा. नाई जमलं त बोर्ड गेटवर जमा."

"घ्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "अजून करा लाड."

आचल बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. हार्मोनियम, केक, मेंदी, सगळं दोन-दोन महिने करून सोडलेलं. हा बोर्ड मात्र सहा महिने टिकला होता. तो गेटवर जमा झाला तर पोरगी पुन्हा खाटेवर मोबाइल घेऊन पडेल, याची केवळरामभाऊंना धास्ती वाटली. त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून बोर्ड उलटा केला आणि चाकांवरून अंगठा फिरवला.

केवळरामभाऊ वीज केंद्राच्या कोल प्लांटमध्ये बेल्टचे फिटर. बाप सिंदेवाहीकडच्या गावात तलावावर जाळं टाकायचा. हे आयटीआय करून इकडे आले आणि सत्तावीस वर्षं कोळशाच्या पट्ट्याशी झटले. कोळसा वाहणारा रबरी पट्टा ज्या लोखंडी ड्रमवर फिरतो तो ड्रम गुळगुळीत असला की पट्टा घसरतो. म्हणून ड्रमला रबर चिकटवायचं. या कामात त्यांचा हात असा बसलेला की नव्या इंजिनिअरलाही आधी त्यांच्याकडे धाडत. घसरणं म्हणजे बिघाड, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. लग्नाला गेले तरी मांडवात ओली फरशी दिसली की जेवायच्या आधी पोतं मागत.

तेव्हा चाकं गुळगुळीत आहेत, एवढं कळल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. आचल कॉलेजला गेली तशी त्यांनी चारही चाकं घासली, सोल्यूशन लावलं आणि ड्रमचं खरबरीत रबर सुबक गुंडाळून बसवलं. जोड कुठे आहे ते नखालाही लागेना.

संध्याकाळी आचल क्वार्टरसमोर वेगात आली, बोर्ड आडवा केला आणि बोर्ड जागच्या जागी रुतला. ती पुढे उडून मेंदीच्या कुंपणात.

"बाबा! काय करून ठेवलं तुमी हे?"

"पकड देल्ली चाकाले. पक्की."

"पकड कोन मांगितली? ब्रेक नसते याले. बोर्ड आडवा करायचा अन् चाकं घसरवायची. घसरता घसरता वेग मरते."

"घसरवायची? मुद्दाम?"

"मुद्दाम!"

केवळरामभाऊ पायरीवर बसले. वच्छलाबाईंनी दिलेला चहा त्यांनी गार होऊ दिला, हे घरात कधी झालं नव्हतं.

"तुया चाकाचं रबर किती शोअरचं होतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

आचल केसांतली पानं काढता काढता थांबली. "तुमाले शोअर माहीत हाय?"

"मग सत्तावीस वर्षं कोल प्लांटात मुरमुरे खाल्ले काय? रबर किती कडक, ते शोअरमध्येच मोजते."

"अठ्ठ्याहत्तर."

"मऊ हाय. धरून ठेवते ते." ते एकदम उठून उभे राहिले. "थांब, म्हंजे हे बेल्टाचं काम नाईच. चुटीचं हाय!"

पट्ट्यावरून कोळसा ज्या उतरत्या लोखंडी नळीतून खाली पडतो ती चूट. तिथे कोळसा अडकला की सगळं ठप्प. म्हणून तिला आतून गुळगुळीत पांढऱ्या प्लास्टिकचं अस्तर लावतात. पट्ट्याला पकड हवी, चुटीत घसरण हवी. दोन्ही त्यांच्याच हातचं काम, पण चाक दिसताच हात सवयीनं रबराकडे गेला होता.

मग बापलेक नवी चाकं शोधायला मोबाइलवर वाकले. आचलचं बोट नव्व्याण्णव शोअरच्या निळ्या चाकांवर गेलं.

"नको. आपला रोड खरबरीत, दात वाजतीन. अन् एवढं कडक एकदमच सुटते. शिकणाऱ्याले समजलं पाहिजे की आता सुटून राह्यलं, आता धरून राह्यलं."

शेवटी शहाऐंशीची ठरली आणि मागवली. काठ चौकोनी नको, गोल. चौकोनी काठ रस्त्याला चावतो. वरची चकाकी घासून काढलेली असावी, म्हणजे पहिल्या दिवसापासून सारखी घसरतील. लांब फळी पायाखाली बांबूसारखी लवते, म्हणून तीही बाद. नागपूरला बोर्ड चालवणाऱ्या प्रणित नावाच्या पोराकडे एक जुनी फळी होती: आखूड, ताठ, ताटलीसारखी किंचित खोलगट. बुटात पाय असतानाही काठ कुठे आहे ते कळणारी. चाकांच्या दांड्याचे नट केवळरामभाऊंनी पाव-पाव आटे आवळले, कारण वेगात बोर्ड थरथरत होता.

हात टेकवून घसरायला हातमोज्यांच्या तळव्यावर गुळगुळीत काहीतरी लागतं, असं कळल्यावर त्यांनी प्लांटच्या साहेबांना विचारून भंगारातलं चुटीचं अस्तर आणलं आणि दोन गोल चकत्या कापल्या. वच्छलाबाईंनी त्या वेल्डिंगच्या जुन्या चामडी मोज्यांवर दाभणानं शिवल्या.

"पोरीले स्वेटर विणायचं त माय हे शिवून राह्यली," त्या म्हणाल्या. पण टाके दुहेरी घातले.

पुढचे दिवस रोज संध्याकाळी सराव. आधी सपाटीवर, मग अर्ध्या उतारावरून. केवळरामभाऊ डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकत आणि सांगत, "उशिरा आडवा केला. अजून जराकसा आधी."

रविवारी सातला सुरक्षा अधिकारी हात बांधून पांढऱ्या पट्ट्याजवळ उभे राहिले. आचल टाकीजवळून निघाली, वेग घेतला, बोर्ड आडवा करणार तोच एका बारक्या गिट्टीपाशी कडक चाक थबकलं. ती गडगडत गेली. हेल्मेट होतं, मोजे होते, तरी वच्छलाबाईंच्या तोंडून "अगं मायवं!" निघालंच.

"झालं?" साहेब म्हणाले.

"नाई साहेब, अजून एकदा," आचल म्हणाली आणि बोर्ड उचलून चालूही लागली.

दुसऱ्या खेपेला ती खाली बसली, मोजा रस्त्याला टेकवला, बोर्ड आडवा फिरवला. चाकांनी लांब, भरदार खरखर केली आणि पट्ट्याच्या हातभर अलीकडे ती थांबली. पोचूनं शिट्टी फुंकली. ड्यूटीवर असल्याचं त्याला नंतर आठवलं.

"सकाळी सहा ते सात," साहेब म्हणाले. "बस सुटायच्या आधी. हेल्मेटशिवाय दिसली तर बंद. अजून काही पाहिजे का, केवळरामभाऊ?"

केवळरामभाऊंनी उताराकडे वरपर्यंत पाहिलं.

"साहेब, एक मोठा झाडू द्या. सहाच्या आधी मी गिट्टी झाडून घेत जाईन."