कपाळ लावलं की पान पळतं

माझ्या धाकट्या भावाला, प्रणयला, घरातली चालती वस्तू काढून नवी आणायची खोड आहे. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, म्हणून त्याला वाटतं आम्ही उस्मानपुऱ्यातली माणसं मागच्या शतकात राहतो. त्याच्या या खोडीपायी माझे वडील चाळीस दिवस स्वतःला खुळे समजत होते. हे मी विसरणार नाही, आणि त्यालाही विसरू देणार नाही.

वडील म्हणजे कडुबा. मूळचे देवगाव रंगारीचे, सातवी शिकलेले. इकडं येऊन तीस वर्षं फरशी घासण्याचं काम केलं. पाणी आणि घासायचा दगड यांत बोटं अशी झिजली की रेशनच्या मशिनवर अंगठा उठत नाही. पण वाचायला बसले की ऐकत राहावं. वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. सव्वीस वर्षं तो बाबाच वाचतात. पान उघडायचं, कपाळाला लावायचं, मग काल जिथं थांबलो ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचून पुढं जायचं, ही त्यांची रीत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक अक्षर दिसेना. तेव्हा प्रणयनं एक ई-रीडर आणला. खरं बोलायचं तर तो चांगला होता. राखाडी पडदा, डोळ्यांना त्रास नाही, अक्षर हवं तेवढं मोठं, आणि दोन्ही कडांना बटणं. दाबलं की टक वाजायचं आणि पान उलटायचं. बाबांनी दोन वर्षं त्यावर वाचलं, एक शब्द सुटला नाही.

या वर्षी प्रणयसाहेबांनी कुणाला न विचारता तो एक्स्चेंजमध्ये दिला आणि नवा आणला. नवा पातळ, देखणा, आणि बटण एकही नाही. सगळं काचेला बोट लावून. बाबांच्या बोटाला ती काच दाद देईना. चार वेळा टेकवलं तर काही नाही, पाचव्यांदा दोन पानं एकदम. मध्येच शब्दाचा अर्थ सांगायला चौकोन उघडायचा, तो घालवायला जावं तर अक्षर मुंगीएवढं व्हायचं. "पण लाइट किती मस्त आहे बघ ना," प्रणय फोनवर म्हणाला. लाइट मस्तच होता.

खरं संकट वर्षावासाच्या तिसऱ्या दिवशी सुरू झालं. पारूबाई विहारातली सगळ्यांत म्हातारी. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नाही. बाबांनी वाचायला सुरुवात केली आणि तिनं हात वर केला.

"कडुबा, काल इथं नव्हतो आपण. मधलं लई राह्यलं."

बाबा गोंधळले. बसल्या बसल्या त्यांनी जागा बघितली होती. मागं जावं तर काच ऐकेना. दोन दिवसांनी पुन्हा तेच, मग आठवड्यातून चारदा, असे चाळीस दिवस.

विहार समितीचा सम्यक चांगला पोरगा आहे, पण घाईचा. मला म्हणाला, "ताई, बाबांचं वय झालंय. हे मशीन स्वतः मोठ्यानं वाचतं. रविवारच्या बैठकीत ठरवून टाकू, स्पीकर जोडू."

शनिवारी दुपारी बाबा पलंगावर बसून म्हणाले, "निशा, मला इसर पडायला लागला का गं? जागा पाहतो अन् वाचाया जावं तर भलतंच निघतं. उद्या मीच सांगतो त्यांना, मला नाय जमत आता." माझ्या बापाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं नाही, राग आला.

त्या संध्याकाळी मी विहारात त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी यंत्र सुरू केलं. पान बरोबर होतं, मी स्वतः पाहिलं. मग त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं. खाली घेतलं तेव्हा अकरा पानं पुढं गेली होती. झिजलेल्या बोटाला न ओळखणारी काच कपाळाला बरोबर ओळखत होती.

"बाबा, पुन्हा लावा," मी म्हणाले. त्यांनी लावलं. पान पुन्हा पळालं.

बाबांनी यंत्र मांडीवर ठेवलं. "म्हंजी मी इसरत नव्हतो," ते म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले.

मी बाहेर येऊन प्रणयला फोन लावला. तो खदखदून हसला. "मग कपाळाला लावू नका म्हणावं. मशीनचा काय दोष?" चाळीस दिवस बाप आतल्या आत झुरला आणि हा हसतो. मी फोन ठेवला, नाहीतर तोंडातून जे गेलं असतं ते विहाराच्या दारात शोभलं नसतं.

रविवारी बैठकीत मी सगळं सांगितलं तेव्हा सम्यकही तेच म्हणाला, फक्त हसला नाही. बाबा म्हणाले, "सव्वीस वर्सांची रीत हाय. ती नाय सुटायची."

"सोडायची कशाला?" पारूबाई म्हणाली. "ह्यो कपाळ लावीन, निशा पान मागं आणीन. अन् ते स्पीकरबिपीकर नको. पण सुटलेलं सगळं पुन्हा वाचायचं, तिसऱ्या दिवसापासून."

सम्यकनं मान खाली घालून होकार दिला.

तेव्हापासून मी माझा शिवणक्लास लवकर बंद करून रोज विहारात गेले. बाबा कपाळ लावत, पान पळे, मी ते ओढून आणी. बटणाच्या ई-रीडरवर जे काम एकटा म्हातारा करत होता, त्याला आता दोन माणसं लागत होती. आश्विन पौर्णिमा उलटून सोळा दिवस झाले तेव्हा आमचा ग्रंथ संपला.

प्रणय सुट्टीला येतोय. म्हणतो, त्याहून नवं मॉडेल आलंय, येताना आणतो. मी त्याला सांगितलंय की हातात बटणाचं असलं तरच दार उघडीन.