डबल बेल द्यायची राहिली

हसणार न्हाई म्हणून आधी शब्द द्या, मग सांगतो. आन चहाचा घोट गिळून घ्या बरं, नंतर ठसका लागला तर मला बोलू नका!

मी लाल डब्यावर कंडक्टर. ऱ्हायला केजला, ड्युटी परळी गाडीवर. पोरगी उठायच्या आत मी घराबाहेर, आन ती झोपल्यावर घरात. चार वर्षांची आमची आरू. दूधवाल्याला टाटा करती, शेजारच्या आजीला जय भीम घालती, आन मी दिसलो की आईच्या पदराआड! सुट्टीच्या दिवशी उचलायला गेलो की अंग चोरून घेती. खरं सांगतो, लई लागायचं मनाला. बायकोला म्हणायचो, "रेखा, आपलं लेकरू मला पाव्हणा समजतंय गं."

रेखानं अंगणवाडीच्या ताईकडून एका समुपदेशक मॅडमचा पत्ता काढला. मॅडम म्हणल्या, "दहा मिनिटं तुम्ही दोघं खेळा, मी मोबाइलवर शूटिंग करते. पुढच्या आठवड्यात ते आपण सोबत बसून बघू. तुमच्या दोघांत काय चांगलं आहे, तेच शोधायचंय."

शूटिंग! आमच्या धंद्यात शूटिंग कधी होतं? सुट्ट्या पैशावरून भांडण जुंपल्यावर! म्हणलं, "मॅडम, घालून काय यायचं?"

"काही विशेष नको. रोज असता तसे या."

आता तुमीच सांगा, मी रोज कसा असतो? खाकीत! गेलो की कडक इस्त्रीची खाकी, छातीवर बिल्ला, खांद्याला चामड्याची पिशवी अडकवून. रेखा म्हणली, "आवो, पोरीसंगं खेळायला चाललाव का ड्युटीला?"

"तू गप. मॅडमनंच सांगितलंय."

मॅडमनी माझा बिल्ला निरखून बघितला. एवढंच म्हणल्या, "खेळाचं स्टेअरिंग तिच्या हातात द्या. तुम्ही मागे राहा. हे कर, ते कर, असं सांगू नका."

हात्तिच्या! हे तर आपल्याच खात्यातलं काम! चार खुर्च्या एकामागं एक मांडल्या, आरूला पुढं बसवलं, स्टेअरिंग म्हणून हातात स्टीलची ताटली दिली. मी शेवटच्या खुर्चीवर, तोंडाला कुलूप लावून.

दहा मिनिटं! ती हालंना, मी बोलंना. 'चल की बाळा' एवढं ओठावर आलतं, पण सांगायचं न्हाई ना काही! मी आपला गुमान खिडकीकडं बघत बसलो. वेळ संपली तशी पोरगी ताटली टाकून आईकडं पळाली. घरी येताना मी रेखाला म्हणलं, "बघितलंस? तिला माझ्यासंगं खेळायचंच न्हाई."

पुढच्या आठवड्यात ड्युटीवरून खाकीतच थेट तिकडं गेलतो. रेखासंगं आलेली आरू कोपऱ्यात ठोकळे रचत बसली होती. मॅडमनी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला आन एका जागी थांबवला. "इथं काय करतेय ती?"

"मागं बघतीय."

"आणि इथं?"

"परत मागं बघतीय."

असं सहा वेळा! दर खेपेला ताटली घट्ट धरून, मान वळवून, माझ्या तोंडाकडं. आन मी ठोंब्या खिडकीतून कावळे बघतोय! मग मॅडमनी आवाज वाढवला. पोरगी बारीक आवाजात म्हणत होती, "टिंग टिंग... टिंग टिंग..."

आगायायाया! डबल बेल! कंडक्टरनं डबल बेल दिल्याबिगर ड्रायव्हर गाडी जागची हालवतो का? एकदा रेखानं तिला माझ्याच गाडीत बसवून परळीला नेलतं, तेवढ्यात पोरीनं सगळं टिपलं होतं. म्हणजे दहा मिनिटं ती माझी वाट बघत होती, आन मला वाटलं मी तिला नकोय! पंधरा वर्षं दिवसभर बेलची दोरी ओढणारा मी. माझ्या लेकरासाठी ती एकदा ओढायचं मला सुचलं न्हाई.

"मॅडम, आता दिली तर चालंल का?"

"अहो, विचारता काय!"

टेबलावरच्या स्टीलच्या ग्लासावर किल्ली मारली. टिंग टिंग! आरूनं ठोकळे फेकले, पळत येऊन खुर्चीवर बसली आन गाडी सुरू. घुर्रर्रर्र!

मी मागं बसून विचारलं, "ड्रायव्हर, गाडी कुठं निघाली?"

"परळीला."

"कावून?"

"पप्पाला आणायला."

"आगं, पप्पा हितंच बसलाय की!"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी तर मास्तर हाव. मागं बसा."

बोला आता! आमच्याकडं कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणतात, पोरीचं काय चुकलं? पण मला ऱ्हावलं न्हाई. पिशवी, बिल्ला, खाकी शर्ट, सगळं काढून खुर्चीवर टाकलं आन नुसत्या बनियनवर पुढं जाऊन हात केला.

गाडी थांबली. "आले का पप्पा! चढा लवकर." मी खुर्चीवर बसलो तशी आपणहून माझ्या मांडीवर येऊन बसली. चार वर्षांत पहिल्यांदा! मी ढसाढसा रडलो, मॅडमसमोर, काही लाज वाटली न्हाई.

लाज वाटायची होती पुढच्या भेटीत. मागच्या खेपेला मॅडमच्या मोबाइलवर शूटिंग चालूच होतं, हे मला कुठं माहीत? "आज तुमचा सगळ्यात सुंदर क्षण बघू," म्हणून त्यांनी व्हिडिओ लावला. बघतो तर काय, माझी पाठ आन बनियनला चांगली तीन भोकं! रेखानं कपाळाला हात लावला. "आवो, घरात घालताव तीच घालून आलताव का? कपाटात नव्या दोन घडी घालून ठेवल्यात की!"

आरू मात्र माझ्या मांडीवरून वाकून स्क्रीनवर बोट ठेवत होती. "मॅडम, ह्ये मास्तर न्हाईत. ह्ये माझे पप्पा हायेत."

मॅडमनी कौतुकानं विचारलं, "हो का? कसं ओळखलंस गं?"

"भोकं बघा की!"